निखाऱ्यांवर वाळलेला बरानकोट

मी एक जुना बरानकोट आहे, मित्रांनो. हसू नका. तुमच्या त्या मुठीत मावणाऱ्या, चालताना सळसळणाऱ्या जाकिटांपैकी मी नव्हे. गुडघ्याखालपर्यंत येणारी जाड लोकर, दुहेरी छाती आणि कानापर्यंत उभी राहणारी कॉलर, असा माझा थाट. मला टांगायचं तर खुंटीसुद्धा भिंतीत नीट ठोकलेली लागते. मी जरा जास्त बोलतो, हे मला मान्य आहे. पण माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती कुणी विचारत नाही, म्हणून मीच आपणहून सांगतो.

कानपूरच्या एका गिरणीत माझं कापड विणलं गेलं आणि फौजेसाठी मला शिवलं. माझी बटणं चामड्याची, वेणीसारखी गुंफलेली. त्यांचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! काही वर्षं एका हवालदाराच्या अंगावर मी डोंगरातली थंडी काढली. मग त्याची नोकरी संपली, माझं अस्तर विरलं, आणि मी बनारसला छावणीजवळच्या कबाडी बाजारात फुटक्या पेट्रोमॅक्सच्या शेजारी येऊन पडलो. एके काळी सलाम झेलणारा मी, माझ्यावर मांजर निजू लागलं.

देश स्वतंत्र होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. ऐन थंडीत एक शिडशिडीत तरुण तिथे आला. त्याचं नाव ढुंढिराज. रामघाटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांपैकी एका घरातला हा मुलगा. ही मंडळी घरात मराठी बोलतात आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि घाईत असली की दोन्हींची खिचडी. ढुंढीला नुकतीच सरकारी नलकूप, म्हणजे कूपनलिका, खात्यात ओव्हरसिअरची नोकरी लागली होती आणि खात्याने त्याला एक फटफटी दिली होती. रोज भल्या सकाळी तरंगत्या पिप्यांच्या पुलावरून गंगा ओलांडायची, रामनगरच्या पलीकडच्या गावांमधले पाण्याचे पंप तपासायचे आणि दिवेलागणीला परत यायचं, असं त्याचं काम.

"ले जाइए भइया, फौजी माल है. गोली भी रुक जाए इसमें," कबाडी म्हणाला.

"गोली राहू दे, हवा रुकली तरी खूप झालं," असं स्वतःशीच मराठीत पुटपुटत ढुंढीने मला अंगावर चढवलं. मी त्याला ढगळच झालो. नाकापेक्षा मोती जड, अशी गत. पण त्याच्या छातीची ऊब लागली आणि मला वाटलं, चला, पुन्हा माणसात आलो.

घरी पोचेपर्यंतच माझा हा आनंद टिकला. जिन्याच्या तोंडाशी त्याची आई उभी होती. शरदिनीबाई तिचं नाव. ती विधवा होती, आणि काशीयात्रेला येणारी मराठी माणसं तिच्या घरी उतरत. माणसं येत ती तिच्या हातच्या सोवळ्यातल्या जेवणासाठी. सोवळं म्हणजे काय, ते आता तुम्हांला सांगावं लागेल. अंघोळ करायची, कुणाचाही हात न लागलेलं धुतलेलं वस्त्र नेसायचं, आणि स्वयंपाक होऊन पानं वाढून होईपर्यंत बाहेरच्या कशालाही हात लावायचा नाही. लागलाच, तर पुन्हा अंघोळ. शरदिनीबाईचं सोवळं अख्ख्या रामघाटावर कडक म्हणून गाजलेलं होतं, आणि त्यावर ते घर चालत होतं.

"आई, बघ काय आणलंय!" ढुंढी म्हणाला.

"थांब! पायरीवरच थांब. कुणाचा आहे तो?"

"माझा. आत्ताच घेतला."

"आज तुझा. काल कुणाचा होता?"

"फौजी माल आहे गं. आणि लोकर आहे. लोकर तर सोवळ्याला चालते ना? तुझी धाबळी कशाची आहे मग?"

शाबास रे पठ्ठ्या, मी मनात म्हटलं. पण बाईची नजर माझ्या बटणांवर गेली होती.

"आणि ही बटणं? चामडं आहे ते. जिन्याखाली टांग. घरात येणार नाही तो."

"बटणं बदलून घेतो."

"आणि शिवणीत मुरलेला घाम कसा बदलशील?"

झालं! इतकी वर्षं ज्या बटणांवरून मिशांना पीळ भरावा तसा मिरवलो, त्यांनीच माझा घात केला. जिन्याखालच्या खुंटीवर माझी रवानगी झाली.

ती जागा कशी होती म्हणता? गंगेवरून आलेलं धुकं, ज्याला तिथे कोहरा म्हणतात, ते गल्लीतून सरळ जिन्याखाली शिरायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचं. भिंत हाताला ओली लागायची. तिथे मीठ ठेवलं असतं तर सकाळी त्याचं पाणी झालं असतं. दिवसभर फटफटीवर दव पिऊन मी संध्याकाळी जड झालेला असायचो, रात्रभर त्या ओलीत लोंबकळायचो आणि सकाळी तसाच ओलाकच्च ढुंढीच्या अंगावर चढायचो.

फटफटीवरची थंडी साधी थंडी नसते, मित्रांनो. माणूस उभा असतो तेव्हा थंडी त्याच्याभोवती फिरते. फटफटीवर बसला की ती समोरून येऊन छातीत शिरते. ढुंढीने होते तेवढे सगळे उपाय केले. छातीला मोहरीचं तेल चोळलं. सदऱ्यावर वर्तमानपत्राच्या घड्या पसरून वरून मला घट्ट लावलं, कारण कागदातून वारं जात नाही. माकडटोपी घातली, गुडघ्यांना मेणकापड बांधलं. पण वरचा कोटच ओला, तर आतला कागद किती वेळ टिकणार? पूल ओलांडेपर्यंत त्याचा लगदा व्हायचा. रामनगरच्या चहावाल्यासमोर ढुंढी चहाचं मातीचं कुल्हड दोन्ही हातांत धरून उभा राहायचा, तरी त्याचे दात थांबत नसत. ओला कोट घालण्यापेक्षा उघडा माणूस बरा, हे मी कोट असून सांगतो.

व्हायचं तेच झालं. त्या थंडीतच ढुंढी तापाने आडवा झाला. छाती भरली. वैद्य नको म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जिन्यातच, माझ्यासमोर, शरदिनीबाईला गाठून सांगितलं, "माताजी, इस बार बच गया. दुबारा ठंड छाती में बैठी तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा."

डॉक्टर गेले. बाई तिथेच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग एक बोट पुढे केलं आणि माझी बाही दाबली. बाहीतून पाणी निघालं.

"अगं बाई!" ती म्हणाली. एवढंच. आपण आपल्या मुलाच्या अंगावर रोज काय चढवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं.

ढुंढी बरा झाला, फटफटीवर पुन्हा जाऊ लागला, आणि त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. संध्याकाळी तो यायचा, मला खुंटीला अडकवायचा, चहा प्यायचा आणि घाटावर मित्रांत जाऊन बसायचा. तो गेला की बाई खाली यायची. तेव्हा तिचा स्वयंपाक होऊन गेलेला असे, पाहुणे आरतीला गेलेले असत आणि पानं वाढायला अवकाश असे. चुलीत निखारे असायचे ते तेवढ्याच वेळात. पंगत उठेपर्यंत थांबावं, तर त्यांची राख व्हायची आणि ढुंढीही परत यायचा. म्हणून ती फुटक्या घमेल्यात निखारे घेऊन जिन्याखाली यायची, मला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यावर धरायची आणि हलवत राहायची. पाठ, छाती, बाह्या, काखा, कॉलर. एकदा आतून, एकदा बाहेरून. ओला मी केवढा जड! तिचे हात थरथरायचे, पण तिने मला कधी खाली टेकू दिलं नाही. लोकरीत मुरलेली ती ऊब मग रात्रभर जिन्याखालच्या ओलीला आत शिरू देत नसे. माझ्यातून वाफ निघायची आणि ती माझ्याशी बोलायची. "मेल्या, किती पाणी पितोस रे! जरा कमी पी."

आयुष्यात मला कुणी इतक्या मायेने शिवी दिली नव्हती.

पण आता ऐका. मला हात लावला म्हणजे तिचं सोवळं मोडलं. पानं वाढायची, तर पुन्हा अंघोळ करायला हवी. ज्या निखाऱ्यांवर त्या अंघोळीचं पाणी तापवता आलं असतं, ते निखारे माझ्याखाली संपलेले असत. कोळसा तेव्हा मोजकाच मिळे. मग ती चौकातल्या हौदातलं पाणी घ्यायची. पौषातल्या संध्याकाळचं पाणी. पहिला तांब्या अंगावर पडला की तिच्या तोंडून "हर हर गंगे" निघायचं ते तुटत तुटत. मी जिन्याखाली ऊबदार, कोरडा, फुलून टांगलेला असायचो आणि ते ऐकत असायचो.

वरच्या मजल्यावर कालिंदीमावशी राहायच्या, शरदिनीबाईच्या बरोबरीच्या. त्यांनी एकदा हे पाहिलं आणि कठड्यावरूनच ओरडल्या.

"शरदिनी! वेड लागलंय का तुला? ह्या गारठ्यात?"

"हळू बोल गं."

"का म्हणून हळू? तशीच वाढ की पानं. कोट हाताळलास हे कोण सांगायला जाणार आहे? कुणाला कळणार?"

"मला कळेल ना," बाई केस पिळत म्हणाली. "लोक एवढ्या लांबून येतात आणि डोळे मिटून माझ्या हातचं जेवतात. त्यांना फसवू?"

"मग कोट मी वाळवते. मला काही पानं वाढायची नाहीत."

"तुझे हात बघ आधी. पोळपाट उचलवत नाही तुला, संधिवाताने. हे धूड उचलशील?"

"मग ढुंढीला सांग. तो घोडा झालाय एवढा, वाळवेल त्याचा तो."

"नको. दिवसभर गारठून येतो तो, वर हे ओझं कशाला? आणि त्याला कळलं की त्यासाठी मी दुसऱ्यांदा अंघोळ करते, तर तो ओलाच कोट घालून जाईल. मी ओळखते त्याला. आणि तू सांगितलंस तर तुला विश्वनाथाची शपथ आहे."

कालिंदीमावशी बडबडत आत गेल्या. शपथ घातलेली, काय करणार बिचाऱ्या!

मी आतल्या आत ओरडत होतो, मित्रांनो. अरे ढुंढ्या, एकदा लवकर ये! एकदा मागे वळून जिन्याखाली बघ! पण कोटाला आवाज कुठला?

आणि ढुंढी? दुसऱ्या थंडीत तो भलताच खूश होता. त्याने कुठूनसं मेण आणून माझ्या खांद्यांवर चोळलं होतं, आणि सकाळी मी कोरडाठाक मिळतो ते त्या मेणामुळेच, अशी त्याची पक्की समजूत होती. चहावाल्याला सांगायचा, ऑफिसात सांगायचा. "मेणाची कमाल आहे! पानी टिकतच नाही." मी रागाने नुसता फणफणायचो. मेणाची कमाल म्हणे! उकिरड्यावर टाक तुझं मेण.

आईचे ओले केस त्याला दिसत नव्हते असं नाही. दिसत होते.

"आई, पुन्हा नहालीस? दिवसातून किती वेळा गं? गंगा आटवशील तू एक दिवस."

"तुला काय करायचंय? माझं सोवळं, माझी हौस."

तो हसायचा. सोवळ्याचं वेड वयाबरोबर वाढतंय, असं त्याला वाटायचं. ती खोकायला लागली तेव्हा त्याने बाजारातून औषधाची बाटली आणली, काढा करून दिला, वरून दटावलंही. मुलगा वाईट नव्हता हो. आईवर जीव होता त्याचा. पण जे रोज आयतं हातात येतं, ते कुठून येतं हे विचारायची त्याला सवयच नव्हती.

मग महावट आली. भर थंडीत पडणाऱ्या पावसाला तिकडे महावट म्हणतात. गव्हाला ती सोन्यासारखी आणि फटफटीवाल्याला काळासारखी. सलग झड लागली. ढुंढीच्या गावांमध्ये पाणी शिरून पंप बंद पडले, त्यामुळे त्याला जावंच लागे. त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्यातून धारा लागल्या होत्या. साताऱ्याकडचे पाहुणे उतरले होते. ढुंढी कोरडे कपडे घालून एका मित्राच्या घरी गेला, आणि बाई घमेलं घेऊन खाली आली.

तिला आधीच कणकण होती. हात मला लागले तेव्हाच मला कळलं, ते भाजत होते. नको गं बाई, मी म्हणत होतो, आज राहू दे. उद्या तो एक दिवस घरी बसेल तर आभाळ कोसळणार नाही. पण तिने मला उचललं. हात खाली येत, ती पुन्हा वर करी. मध्येच भिंतीला टेकून ती दम घेई. निखारे विझत आले तरी मी अर्धाच वाळलो होतो. गल्लीतून पाहुण्यांचा आवाज आला, "काकू, आम्ही आलो बरं का!" तेव्हा तिने मला खुंटीला अडकवलं, चौकात गेली आणि पावसातच हौदाचं पाणी अंगावर घेतलं. त्या वेळी "हर हर गंगे" ऐकू आलं नाही.

तिने सगळ्यांना वाढलं. शेवटचा भात, शेवटचं ताक. सातारकर हात धुताना म्हणाले, "काकू, तुमच्या सोवळ्याला तोड नाही. असं आता आमच्याकडेही राहिलं नाही." ती हसली, भिंतीला धरून खाली बसली, आणि मग तिला उठता आलं नाही.

ढुंढी आला तेव्हा ती अंथरुणावर थडथड उडत होती. दोन रजया घातल्या, धाबळी घातली, पाहुण्यांनी त्यांच्या शाली दिल्या. थंडी जाईना. ढुंढी वेड्यासारखा घरभर फिरला आणि मग जिना उतरून धावत माझ्याकडे आला. मला खांद्यावर टाकून त्याने उंबरा ओलांडला. त्या घराच्या आत मी पहिल्यांदाच गेलो, मित्रांनो. देवघराचा दिवा पहिल्यांदाच पाहिला.

"आई, कोट घालतो गं तुझ्यावर. चालेल ना? रागावू नकोस."

तिने डोळे उघडले नाहीत. चाचपत माझी बाही धरली आणि बोटांनी दाबली, तशीच, नेहमीसारखी.

"ओला राहिला रे, ढुंढी," ती म्हणाली. "आज नीट वाळवून झाला नाही माझ्याच्याने. उद्या... उद्या नको घालून जाऊस."

ढुंढीने दारात उभ्या असलेल्या कालिंदीमावशींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

"मावशी, आई काय म्हणतेय? कोट कोण वाळवायचं? मेण लावलं होतं मी त्याला..."

कालिंदीमावशींनी शपथ मोडली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निखारे, घमेलं, हौद, दुसरी अंघोळ, सगळं. ढुंढी जमिनीवर बसला आणि आईचे पाय छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. "मेण! मेण म्हणत होतो मी!" असं म्हणत कपाळ बडवून घेत होता. डॉक्टर आले, सुया दिल्या. पण छाती दोन्ही बाजूंनी भरली होती. माघ लागायच्या आत शरदिनीबाई गेली.

दिवसवार झाले, पाहुणे येईनासे झाले. ढुंढीला कामावर जाणं भागच होतं. पहिल्या दिवशी तो संध्याकाळी परत आला, मी नेहमीसारखाच दवाने भिजलेला. त्याने मला खुंटीला लावलं नाही. सरळ घरात नेलं, चूल पेटवली, निखारे काढले आणि मला त्यांच्यावर धरलं. धरलं ते तसंच, न हलवता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! करपल्याचा वास सुटला तेव्हा कालिंदीमावशी धावत खाली आल्या.

"अरे, असा नाही रे! हलवत राहायचा. ती हलवत राहायची."

"किती वेळ, मावशी?"

"वाळेपर्यंत."

तो हलवत राहिला. थोड्याच वेळात त्याचे खांदे भरून आले, हात खाली येऊ लागले, डोळ्यांत धूर गेला. तरुण, धडधाकट माणूस तो. अजून माझी एक बाहीसुद्धा वाळली नव्हती. तो थांबला आणि माझ्या ओल्या लोकरीत तोंड खुपसून म्हणाला, "रोज गं? रोज?"

मी पुढेही बरीच वर्षं त्याच्या अंगावर राहिलो आणि त्यानेच मला वाळवलं, रोज, स्वतःच्या हातांनी. आता मी विटलो आहे, कसरीने मला चाळणी केलं आहे, आणि मला उन्हात टाकायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. ते एक असो. माझं मागणं माझ्यासाठी नाही. मित्रांनो, थंडीच्या सकाळी कोरडा, ऊबदार कपडा तुमच्या हातात आला, तर मेणाचं कौतुक करत बसू नका. आत जा. ज्यांनी तो दिला, त्यांचा हात हातात घ्या, आणि तो गार लागला तर त्या दिवशी कुठेही जाऊ नका.